ओपनएलडॅपमधून ३८९ डिरेक्टरी सर्व्हरवर खाती हलवताना

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. रेड हॅटने तर त्याआधीच, एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून, ओपनएलडॅपचं, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणाऱ्या डिरेक्टरीचं, सर्व्हर पॅकेज काढून टाकलं होतं. क्लायंटची साधनं ठेवली, सर्व्हर तेवढा गेला. त्यामुळे ज्या कॉलेजात, कारखान्यात किंवा ऑफिसात सगळ्यांच्या लॉगिनची भिस्त कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या स्लॅपडीवर (ओपनएलडॅपचा सर्व्हर) आहे, तिथे आज ना उद्या हे काम अंगावर येणारच. एक वाट म्हणजे दुसरीकडून पॅकेज आणून ओपनएलडॅपच चालू ठेवायचं. दुसरी वाट ३८९ डिरेक्टरी सर्व्हरची, आणि इथे तिचीच आखणी दिली आहे. अंदाजासाठी तीन-चार हजार खाती धरली आहेत.

हे दोन्ही सर्व्हर मिशिगन विद्यापीठात लिहिलेल्या एकाच स्लॅपडीचे वंशज आहेत. एक शाखा ओपनएलडॅप झाली, दुसरी नेटस्केपमार्गे रेड हॅटकडे आली. नातं चुलत भावांचं आहे आणि घोळही तसाच होतो: चेहरेपट्टी सारखी, म्हणून सवयीही सारख्याच असतील असं आपण गृहीत धरतो.

आखणी करताना वेळ चुकीच्या जागी खर्च होतो. नोंदी इकडून तिकडे न्यायला एक संध्याकाळ पुरते. त्या नोंदी कोण कोण, कधी आणि कशा विचारतं हे शोधायला महिना जातो. म्हणून कामाची सुरुवात नव्या सर्व्हरवर करू नका, जुन्याच्या लॉगमध्ये करा.

कोण विचारतंय?

स्लॅपडीची लॉग पातळी २५६, म्हणजे 'स्टॅट्स', करा. कुणीतरी कधीकाळी डिस्क भरते म्हणून ती शून्यावर नेलेली असते. लॉग सिस्लॉगच्या 'लोकल४' मध्ये जातो. पण जर्नलडी आणि आरसिस्लॉग हे दोघंही ठरावीक वेगापलीकडच्या ओळी गाळून टाकतात, तेव्हा या महिन्यापुरती ती मर्यादा वाढवा. नाहीतर गडबड करणारा मेल सर्व्हर लॉगभर दिसेल आणि रात्री एकदाच येऊन जाणारी बॅकअपची स्क्रिप्ट निसटेल.

एका कनेक्शनच्या ओळी सुट्या करून वाचा. 'अ‍ॅक्सेप्ट' च्या ओळीत समोरच्याचा आयपी असतो. पुढे 'स्टार्टटीएलएस' ची किंवा टीएलएस (एन्क्रिप्शन) जुळल्याची ओळ आली तर जोडणी सुरक्षित आहे; ती न येताच 'बाइंड' (डिरेक्टरीत लॉगिन) आणि 'मेथड=१२८' दिसलं तर पासवर्ड उघडा चालला आहे. 'बाइंड' मध्ये कोणतं सेवा-खातं वापरलं ते कळतं. 'सर्च' च्या ओळीत बेस, व्याप्ती आणि फिल्टर मिळतं. एवढ्यावरून तक्ता बनवा: आयपी, यंत्राचं नाव, जबाबदार माणूस, बाइंडचं खातं, टीएलएस आहे का, कोणते फिल्टर, सर्व्हरचं नाव वापरतो की थेट आयपी. शेवटचा रकाना लॉगमधून भरता येत नाही, त्या त्या यंत्राचं कॉन्फिगरेशन उघडूनच बघावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. बदलाच्या रात्री निम्मा त्रास याच रकान्यातून येतो.

लॉग निदान ३५ दिवस साठवा, म्हणजे एक महिनाअखेर आणि पगाराचा एक फेरा त्यात सापडतो. कॉलेज असेल तर प्रवेशाच्या आणि निकालाच्या दिवसांत चालणारी कामं वेगळी विचारून घ्या. ती इतर वेळी लॉगमध्ये दिसतच नाहीत. तक्त्यात हमखास न लिहिलेली गिऱ्हाइकं: स्कॅन करून मेल पाठवणारे मोठे प्रिंटर, वायफायचा रेडियस सर्व्हर, व्हीपीएनची पेटी, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आणि कुणाच्या तरी होम डिरेक्टरीतली क्रॉनची स्क्रिप्ट.

याच लॉगमध्ये 'नॉट इंडेक्स्ड' अशा ओळी दिसतात, म्हणजे नोंदीतल्या ज्या रकान्यावर (अ‍ॅट्रिब्यूट) शोध झाला त्याची सूची (इंडेक्स) नाही. त्या अ‍ॅट्रिब्यूटची नावं बाजूला काढून ठेवा, पुढे लागतील.

डेटा बाहेर काढणं

डेटा स्लॅपकॅटने (डेटाबेस थेट फाइलीत उतरवणारं साधन) काढा, एलडॅपसर्चने (सर्व्हरला विचारून शोधणारं) नाही. साध्या खात्याने एलडॅपसर्च केला की ओपनएलडॅप मुळात ५०० नोंदींवर थांबतो. शेवटी निकाल क्रमांक ४, म्हणजे आकारमर्यादा ओलांडल्याचा, छापून येतो, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असेल तर तो कुणी बघत नाही. शिवाय नोंद कधी झाली, कुणी बदलली, खातं बंद आहे का ही सगळी अंतर्गत अ‍ॅट्रिब्यूट वेगळी मागितल्याशिवाय येत नाहीत, आणि पासवर्डचे हॅश (गणिताने केलेली, उलटवता न येणारी रूपं) तर परवानगीशिवाय मिळणारच नाहीत.

एमडीबी किंवा एचडीबी साठवण असेल तर स्लॅपडी चालू असतानाही स्लॅपकॅट चालतो. तीन गोष्टी मात्र बघा. एक: सांगितलं नाही तर तो फक्त पहिला डेटाबेस काढतो. दोन सफिक्स (डिरेक्टरीच्या झाडाची मुळं) असतील तर 'बी' पर्याय देऊन दोन्ही वेगवेगळे काढा. दोन: नोंदी डेटाबेसच्या क्रमाने येतात, आधी पालक मग मूल अशा क्रमाने येतीलच असं नाही. जुन्या नोंदी नंतर केलेल्या विभागाखाली हलवल्या असतील तर मूल वर आणि पालक खाली अशी फाइल मिळू शकते. ३८९ च्या आयातीत अशी नोंद 'पालक नाही' म्हणून वगळली जाते. एरर लॉगमध्ये फाइलच्या ओळीचा क्रमांक येतो, पण आयात मात्र 'यशस्वी' म्हणूनच संपते. तीन: फाइलमध्ये सगळे हॅश आहेत, तेव्हा उमास्क ०७७ करूनच (म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल) काढा.

मोजणी सोपी आहे: ओळीच्या सुरुवातीला 'डीएन' (नोंदीचा पूर्ण पत्ता) आणि कोलन असलेल्या ओळी मोजा. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागेल.

फाइल डोळ्यांनी वाचताना दुहेरी कोलनकडे लक्ष द्या. एलडीआयएफमध्ये, म्हणजे या फाइलीच्या मजकूर-स्वरूपात, आस्कीबाहेरचं काहीही बेस६४ मध्ये येतं आणि त्याची खूण म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच्या नावापुढे दोन कोलन. आपल्याकडे कर्मचाऱ्यांची नावं देवनागरीत भरलेली असतात. अशा नावाची बेस६४ ओळ जवळजवळ नेहमी ४, मोठा के, मोठा एस या तीन चिन्हांनी सुरू होते, कारण देवनागरीतल्या बहुतेक सगळ्या स्वर-व्यंजनांचे पहिले दोन बाइट यूटीएफ-८ मध्ये तेच असतात. नाव देवनागरी असून ओळीची सुरुवात वेगळी असेल तर बहुधा आधी एखादी रिकामी जागा किंवा अदृश्य चिन्ह चिकटलेलं आहे. उलट, रोमन अक्षरांतल्या साध्या नावापुढे दोन कोलन दिसले तर त्याच्या टोकाला स्पेस राहिली आहे. दोन्ही दुरुस्त्या जुन्या सर्व्हरवरच करा. नव्यावर केल्या तर पुढची तुलना फसते.

लांब ओळी मोडून येतात आणि पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते. ग्रेप, सेड लावण्याआधी ओळी जोडून घ्या, नाहीतर लांब डीएन अर्धवट पकडला जातो.

काय टाकायचं, काय बदलून न्यायचं

३८९ सोबत 'ओपनएलडॅप-टू-डीएस' नावाचं साधन येतं. त्याला जुन्या सर्व्हरची स्लॅपडी-डॉट-डी ही डिरेक्टरी आणि स्लॅपकॅटची फाइल द्यायची. कॉन्फिगरेशन अजून स्लॅपडी-डॉट-कॉन्फमध्ये असेल तर स्लॅपटेस्टने आधी रूपांतर करून घ्या. 'कन्फर्म' पर्याय दिला नाही तर ते काहीही न बदलता फक्त यादी दाखवतं: कोणता स्कीमा (अ‍ॅट्रिब्यूटच्या व्याख्या) जोडणार, कोणते इंडेक्स करणार, कोणते प्लगइन चालू करणार. ती यादी छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. ते परवानग्यांचे नियम मात्र नेत नाही, आणि तसं स्वच्छ सांगतंही.

यादी तपासताना चार जागी थांबा.

मेंबरऑफ, म्हणजे माणूस कोणत्या ग्रुपांत आहे. ओपनएलडॅपचं ओव्हरले (जोड-मॉड्यूल) ही किंमत नोंदीतच साठवतं, त्यामुळे ती स्लॅपकॅटमध्ये येते. ओव्हरले नंतर बसवलेलं असेल तर जुन्या ग्रुपांची किंमत अर्धवट असते, आणि ती अर्धवट माहिती नव्या घरात न्यायचं कारण नाही. फाइलमधून मेंबरऑफच्या सगळ्या ओळी काढा, नव्यावर मेंबरऑफ प्लगइन चालू करा, आयातीनंतर डीएसकॉन्फ या ३८९ च्या साधनातून त्याचं 'फिक्सअप' चालवा. ग्रुपमधल्या सदस्यांवरून सगळं नव्याने बांधून मिळतं.

एंट्रीयूयूआयडी. हा ३६ चिन्हांचा क्रमांक बिनकामाचा वाटतो आणि 'अंतर्गत कचरा' म्हणून सेडने उडवला जातो. नेक्स्टक्लाउडसारखी सॉफ्टवेअर माणसाला लॉगिनच्या नावाने ओळखत नाहीत, अशा क्रमांकाने ओळखतात. क्रमांक बदलला की तोच माणूस त्यांच्या लेखी नवा असतो: लॉगिन होतं, पण आतल्या फाइली गायब. ३८९ च्या २.० पासूनच्या आवृत्त्यांत एंट्रीयूयूआयडीचं प्लगइन आहे. ते चालू ठेवा आणि जुन्या किमती तशाच न्या. शिवाय ३८९ स्वतःचा एनएसयुनिकआयडी देतो. सॉफ्टवेअर आपोआप तो उचलणार नाही, यासाठी त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं नाव स्पष्ट लिहा.

बंद खाती. हे सगळ्यांत धोक्याचं. ओपनएलडॅपच्या पीपॉलिसीत (पासवर्डच्या नियमांचं मॉड्यूल) खातं बंद केलं की पीडब्ल्यूडीअकाउंटलॉक्डटाइम ही किंमत लागते. कायमचं बंद असेल तर ती ०००००१०१०००० आणि पुढे झेड अशी दिसते. ३८९ ला या अ‍ॅट्रिब्यूटशी देणंघेणं नाही. तिथे खातं बंद म्हणजे एनएसअकाउंटलॉक, किंमत ट्रू. रूपांतर केलं नाही तर नोकरी सोडून गेलेल्या प्रत्येकाचं खातं जुन्या पासवर्डसकट जिवंत होतं, आणि कुणी तक्रारही करत नाही, कारण आत येता आल्याची तक्रार कोण करेल? आयातीआधी अशा नोंदींची यादी काढा, आयातीनंतर प्रत्येकाला लॉक लावा आणि दोन्ही आकडे जुळवा. चुकीच्या पासवर्डमुळे तात्पुरती अडकलेली खाती सोडून दिली तरी चालतील.

ग्रुप. मानकाप्रमाणे ग्रुपऑफनेम्समध्ये निदान एक सदस्य हवाच, आणि ओपनएलडॅप ते काटेकोर पाळतो. म्हणून रिकाम्या ग्रुपात 'सीएन=डमी' सारखा खोटा सदस्य घालण्याची जुनी युक्ती असते. ३८९ मध्ये रिकामा ग्रुप चालतो. खोटे सदस्य काढा, पण हलवण्याच्या रात्री नको. आधी किंवा नंतर.

स्कीमाबद्दल थोडक्यात: स्वतः बनवलेले अ‍ॅट्रिब्यूट वेगळ्या फाइलीत ठेवा, सुडोसारखे नेहमीचे स्कीमा ३८९ मध्ये आधीच आहेत ते पुन्हा लादू नका, आणि एकाच ओआयडीला (अ‍ॅट्रिब्यूटचा ओळखक्रमांक) दोन नावं पडलेली नाहीत ना ते पाहा.

पासवर्ड

लोकांना नवे पासवर्ड घ्यायला लावायची गरज नाही. एसएसएचए आणि क्रिप्टचे हॅश ३८९ ला समजतात. हॅश नेताना ऑफलाइन आयात करा, किंवा डिरेक्टरी मॅनेजर म्हणून जोडा. इतर कोणत्याही साध्या खात्याने आधीच हॅश केलेला पासवर्ड घालायला गेलात तर सर्व्हर तो नाकारतो. पासवर्डच्या जागी 'सॅसल' असा शिक्का असेल तर त्या नोंदीचा पासवर्ड मुळात दुसरीकडे तपासला जात होता. तिच्यासाठी पॅम पास-थ्रू प्लगइन लावावं लागेल. अशी खाती किती आहेत ते आधीच मोजा.

परतीची वाट इथेच तुटते, म्हणून नीट वाचा. नवा सर्व्हर नवीन पासवर्ड पीबीकेडीएफ२ पद्धतीने साठवतो, आणि जुना हॅश असलेल्या माणसाने लॉगिन केलं की त्याचाही हॅश गुपचूप नव्या पद्धतीचा करतो. ओपनएलडॅपला वेगळं मॉड्यूल बसवल्याशिवाय हा हॅश कळत नाही. म्हणजे तिसऱ्या दिवशी मागे फिरायचं ठरलं तर त्या तीन दिवसांत लॉगिन केलेल्यांचे नवे हॅश जुन्या सर्व्हरला निरुपयोगी. त्यावर तोड: पहिले दोन आठवडे साठवणीची पद्धत एसएसएचए ठेवा आणि एनएसएसएलएपीडी-एनेबल-अपग्रेड-हॅश बंद ठेवा. एसएसएचए कमजोर आहे, हे खरं. पण तो तुमच्याकडे इतकी वर्षं होताच. दोन आठवडे झाले की दोन्ही सेटिंग बदला.

परवानग्या

इथे चुलत भावांचे स्वभाव अगदी उलटे आहेत. ओपनएलडॅपमध्ये एकही नियम लिहिला नाही तर सगळ्यांना वाचता येतं. ३८९ मध्ये एकही नियम नसेल तर डिरेक्टरी मॅनेजर सोडून कुणालाच काही दिसत नाही. ओपनएलडॅप नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडतो तिथे थांबतो, म्हणून क्रमाला महत्त्व. ३८९ मध्ये क्रम नाहीच: सगळे लागू नियम एकत्र होतात आणि मनाईचा नियम परवानगीवर मात करतो. त्यामुळे ओळीला ओळ भाषांतर करू नका. कुणाला काय दिसायला हवं याची यादी साध्या मराठीत लिहा आणि त्यावरून नवे एसीआय (३८९ चे परवानगी-नियम) बनवा.

एक खास खड्डा. 'यूजरपासवर्ड सोडून बाकी सगळं वाचू द्या' असा नियम सोपा वाटतो. मग कुणीतरी दुसरा घालतो: 'मोबाइल सोडून बाकी सगळं वाचू द्या'. दोन्ही एकत्र झाले की पहिला मोबाइल उघडा करतो, दुसरा यूजरपासवर्ड. म्हणून 'सोडून' ची भाषा टाळा, वाचू द्यायची अ‍ॅट्रिब्यूट नाव घेऊन लिहा. पासवर्ड तपासण्यासाठी, म्हणजे बाइंडसाठी, वेगळ्या परवानगीची गरज नसते. स्वतःचा पासवर्ड बदलू देणारा एक 'सेल्फ' नियम पुरतो.

तपासणी तीन प्रकारे करा: बिनओळखीने, साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने आणि तक्त्यातल्या प्रत्येक सेवा-खात्याने. प्रत्येक वेळी दुसऱ्याचा यूजरपासवर्ड मागून बघा. एकदाही मिळता कामा नये.

रंगीत तालीम

दोन तालमी करा, दुसरी घड्याळ लावून. सुरुवातीला लिहून ठेवलेल्या 'नॉट इंडेक्स्ड' अ‍ॅट्रिब्यूटचे इंडेक्स नव्यावर घाला. नुसता इंडेक्स सांगून भागत नाही, रीइंडेक्सही चालवावं लागतं. नंतर ३८९ च्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये 'नोट्स=ए' किंवा 'नोट्स=यू' दिसलं तर तो शोध इंडेक्सविना चालला आहे असं समजा. नव्या सर्व्हरवर एका शोधाची मर्यादा सुरुवातीला २००० नोंदींची असते. चार हजार खाती एका दमात ओढणारं सिंक असेल तर त्या सेवा-खात्यापुरती मर्यादा वाढवा, सगळ्यांसाठी नको.

तुलनेसाठी दोन्हीकडून एलडॅपसर्चने सगळ्या नोंदी काढा, ओळी न मोडण्याचा पर्याय लावून आणि जुन्यावर रूटडीएन, नव्यावर डिरेक्टरी मॅनेजर म्हणून. त्यांना मर्यादा लागत नाहीत. डीएन छोट्या लिपीत करा, स्वल्पविरामापुढच्या स्पेस काढा, प्रत्येक नोंदीतल्या ओळी लावून घ्या, मग नोंदी लावा आणि डिफ घ्या. असं केलं नाही तर नुसत्या क्रमाच्या फरकाने हजारो ओळी लाल दिसतात आणि खरा फरक त्यात बुडतो. यूआयडीनंबर दोनदा आलेला नाही ना हेही याच फाइलीतून कळतं. ते तपासाच: तसा क्रमांक आला तर दोन माणसं एकमेकांच्या फाइली उघडू शकतात.

सर्टिफिकेटवर जुन्या सर्व्हरचं नावही पर्यायी नाव म्हणून हवं. जावा ८ च्या १८१ व्या अपडेटपासून एलडॅप्सच्या जोडणीत नाव जुळतं का हे तपासलं जातं. जुने प्रिंटर फक्त टीएलएस १.० बोलतात आणि नव्या लिनक्सची सर्वसाधारण क्रिप्टो पॉलिसी त्यांना दारातूनच परत पाठवते. त्यांच्यासाठी अख्ख्या सर्व्हरची पॉलिसी ढिली करू नका. प्रिंटरमध्ये पत्त्यांची यादी हाताने भरणं परवडतं.

बदलाची रात्र

शनिवार संध्याकाळ घ्या, महिनाअखेर आणि मार्चअखेर टाळा. डीएनएसचा टीटीएल (उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा) आदल्या दिवसापर्यंत ८६४०० वरून ३०० वर आणलेला हवा, कारण जुना टीटीएल संपेपर्यंत नवा लागू होत नाही.

१. जुन्याचा डेटाबेस ओएलसीरीडओन्ली ट्रू करून फक्त वाचण्यापुरता ठेवा. लॉगिन चालू राहतं, पासवर्ड बदलायला गेलं की निकाल ५३ येतो. मदतकक्षाला हे आधी सांगून ठेवा.
२. शेवटचा स्लॅपकॅट. नोंदी मोजा.
३. तालमीतल्याच स्क्रिप्टने साफसफाई आणि आयात. हाताने काही करू नका.
४. एरर लॉगमध्ये वगळलेल्या नोंदी शोधा. पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही तर इथेच थांबा.
५. मेंबरऑफचं फिक्सअप, बंद खात्यांना लॉक, मग डिफ.
६. डीएनएस बदला. तक्त्यात थेट आयपीवाले जे आहेत ते हाताने बदला.
७. लिनक्स यंत्रांवर एसएसएसडीची (लॉगिनची माहिती जपून ठेवणारी सेवा) साठवण एसएसएससीटीएलच्या कॅश-रिमूव्हने पुसा. पुसली नाही तर जुन्या साठवणीवर लॉगिन होत राहतं आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. चालत असलेल्या जावा सर्व्हिस रीस्टार्ट करा. त्यांतल्या काही डीएनएसचं जुनं उत्तर धरून बसतात.
८. तक्त्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक एकेक करून तपासा आणि टिक करा.

त्याच रात्री सेवा-खात्यांचे पासवर्ड बदलणं, उघडे बाइंड बंद करणं, विभागांची फेररचना करणं असले मोह आवरा. काही बिघडलं तर कशाने बिघडलं हे सांगता आलं पाहिजे. टीएलएसविना बाइंड नाकारायचं सेटिंग, तक्त्यातला शेवटचा उघडा गिऱ्हाईक दुरुस्त झाल्यावर करा.

जुना सर्व्हर फक्त-वाचन स्थितीत चालूच ठेवा आणि त्याचा लॉग रोज पाहा. त्यात अजून 'अ‍ॅक्सेप्ट' येत असेल तर तो तक्त्यातून सुटलेला गिऱ्हाईक आहे. त्याच्यामागे लागा. एक अख्खी महिनाअखेर लॉग कोरा गेला की सर्व्हिस थांबवा, पण यंत्र आणखी महिनाभर तसंच ठेवा. शेवटच्या स्लॅपकॅटची एकच प्रत एन्क्रिप्ट करून ठेवा आणि तालमीच्या वेळच्या बाकी सगळ्या प्रती, टेम्प डिरेक्टरीत आणि कुणाच्या लॅपटॉपवर राहिलेल्यासुद्धा, शोधून पुसा. त्या प्रत्येकीत सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश आहेत.